टाचा उचलायच्या, टेकवायच्या

१२ नोव्हेंबर
आज पुन्हा मोजली. सव्वा इंच लांब, सात सूत रुंद; आठ सूत म्हणजे एक इंच. गेल्या महिन्यात सहा सूत होती. म्हणजे एवढं मलम चोपडून एक सूत वाढ. उजवा पाय, आतल्या घोट्याच्या वर चार बोटं. तीस वर्षं बहरीनमध्ये लोकांची मापं घेतोय, जखमेचं माप पहिल्यांदाच.
थंडीचे थोब, अरबांचे पायघोळ झगे, सुरू झालेत. जाड कापड, कात्रीला जोर लागतो, दिवसभर टेबलाशी उभा. संध्याकाळी मोजा काढला तर कातडीवर मोज्याची वीण उमटलेली आणि खाली ओल. दाऊद माझ्याबरोबर या खोलीत नऊ वर्षं राहतो. काही बोलला नाही, उठून खिडकी उघडली फक्त. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

१४ नोव्हेंबर
मालकाला कळलंच. अबू खालिद दुकानात आला, माझ्या पायजम्यावरचा पिवळा डाग बघितला. "हनीफ, ये क्या? डॉक्टर रूह. आज नहीं, कल भी नहीं, अभी." रूह म्हणजे जा. मग गल्ल्याजवळ बोलावून हळू बोलला. माझा विसा फेब्रुवारीअखेर संपतो. पाय बरा तर आणखी दोन वर्षं. नाही तर "खलास, घर में आराम."
वाईट मनाने नाही बोलला. कटिंग मास्टर बसून कापत नाही, हे त्यालाही माहीत आहे.

१५ नोव्हें., शुक्रवार
घरी जायला माझी ना नाही. एक दिवस जायचंच आहे. पण अब्बांसारखं नाही जायचं.
अब्बांना हेच होतं. याच जागी. बारा वर्षं पडवीत बसले, पाय स्टुलावर. आल्यागेल्याने आधी नाकाला रुमाल लावायचा, मग सलाम करायचा. पट्ट्या सगळ्या साबिराने धुतल्या. लग्न होऊन आली तेव्हा वीस वर्षांची, आल्या आल्या सासऱ्याचा पाय गळ्यात पडला. तिला माझं सांगितलेलं नाही. फोनवर छातीपर्यंतच दिसतो. आणखी एक पाय तिच्या नशिबी नको.

१९ नोव्हेंबर
हॉस्पिटल. सकाळी सातला गेलो, साडेअकराला नंबर. डॉक्टर इंग्रजीत बोलला, सिस्टर लिझीने हिंदी करून सांगितलं. साखर नाही. धमनी तपासली, ठीक. रक्त पायात उतरतं नीट, वर चढत नाही. शिरांच्या झडपा ढिल्या झाल्यात. रक्त खाली साचतं, कातडी काळी पडते, पातळ होते, एक दिवस फुटते. नुसत्या मलमाने भागणार नाही, बोटांपासून गुडघ्यापर्यंत ताणाची पट्टी हवी.
सि. लि.ने बांधली. आत कापूस, वर पट्टी, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. हात चांगला आहे तिचा, एक सुरकुती नाही. "मास्टर, उतारना नहीं. मंगल को मैं ही उतारूँगी." हो म्हणालो.
मग फिजिओकडे पाठवलं. ही पुण्याची निघाली, अनघा मॅडम. मराठी ऐकून बरं वाटलं, पण बोलणं ऐकून नाही. म्हणते, "काका, आता रोज चालायचं." मी म्हटलं, मॅडम, जखम आहे. "म्हणूनच."
तिने जखमेच्या शेजारच्या कातडीवर बटणाएवढं काहीतरी चिकटवलं, आत बारीक उजेड. कातडीला जरा ऊब दिली. स्क्रीनवर रेघ. ऊब लागली की चांगल्या कातडीत रक्त धावून येतं, रेघ चढते. माझी थोडी चढली आणि तिथेच पडून राहिली. "हे मशीन जखम कधी भरेल ते सांगत नाही. कातडीत रक्त कसं खेळतंय एवढंच दाखवतं." पोटरी हा पंप आहे म्हणे. हलवली की रक्त वर ढकलते, उभं राहून राहून बंद पडते. टेबलाला धरून टाचा उचलायच्या, टेकवायच्या. दहा वेळा, दिवसातून तीनदा. वर चालणं.
वहीत टा. उ. असं लिहीन. आज टा. उ. शून्य.

२० नोव्हेंबर
जोहरला, दुपारच्या नमाजाला, अडचण. नमाजाआधीची वजू पाय धुतल्याशिवाय कसली? आणि सिस्टर म्हणाली उतरवायची नाही. तिला विचारून काय उपयोग, ती केरळची ख्रिश्चन. दाऊदला विचारावं तर तो आमच्या सगळ्या हूरा मोहल्ल्यात बोभाटा करेल.
मग डोकं चालवलं. पट्टी उलगडायच्या आधी प्रत्येक वेढा जिथे संपतो तिथे निळ्या खडूने बारीक खूण केली. पाय धुतला, पुसला, पुन्हा खुणेवर खूण ठेवून गुंडाळली. तंतोतंत. सिस्टरनेच बांधली म्हणावं अशी. तीस वर्षं कापडात हात आहे, फुकट नाही.
दिवसाला पाच वेळा. जमेल.

२६ नोव्हेंबर
मंगळवार. सि. लि. म्हणाली, "एक हफ्ते में इतनी ढीली?" मी म्हटलं, सिस्टर, चलता बहुत हूँ. खोटं. चाललो ते घरून दुकानापर्यंत आणि परत. जखम आहे तशी.
अनघा मॅडमने विचारलं, टाचा? हो, करतो. हेही खोटं. भीती वाटते, खरं सांगायचं तर. टाच उचलली की जखम ताणली जाईल, फाटेल असं वाटतं. लहानपणापासून ऐकलंय, जखम झाली की हलायचं नाही.

३ डिसेंबर
साडेसात सूत. डॉक्टर सिस्टरशी इंग्रजीत बोलला, दोघांनी माझ्याकडे बघितलं. पाणी जास्त येतंय. कापूस दोन दिवसांत भिजतो.
पट्टीही फुकट गेली म्हणायची. खुणा सगळ्या बरोबर आहेत, मी स्वतः तपासल्या. मग चुकतंय कुठे?
फेब्रुवारी लांब नाही. आज कापताना एका थोबाची बाही दोन बोटं आखूड कापली. असं माझ्याकडून वीस वर्षांत झालं नव्हतं.

१० डिसेंबर
पकडलो गेलो.
सि. लि. पट्टी सोडता सोडता थांबली. उजेडात धरली. "मास्टर, ये नीला-नीला क्या है?" ती मोजत गेली, एक, दोन, तीन, चौदा खुणा. शेवटी सांगून टाकलं. वजू, खडू, पाच वेळा.
मला वाटलं ओरडेल. ती हसायला लागली, स्टुलावर बसून हसली, डोळे पुसले. "मेरे आधे पेशंट नमाज़ी हैं. सब पट्टी के ऊपर गीला हाथ फेरते हैं. आपको किसी ने नहीं बताया?" छप्पन्न वर्षांचा मुसलमान मी, आणि मला हे केरळची ख्रिश्चन बाई सांगते.
मग पट्टी माझ्या हातात दिली. म्हणाली, ओढून बघा. ओढली. ढिली, मेलेली. खूण जागा सांगते, ताण सांगत नाही. पायजम्याचं इलास्टिक ताणून बसवायचं असतं, नुसतं मापात कापून चालत नाही, हे मी किती कारागिरांना शिकवलं. स्वतःच्या पायाला लावलं नाही. फार लाज वाटली, आणि त्याच वेळी एवढं हलकं वाटलं की सांगता येत नाही. पट्टी फुकट नव्हती गेली. मीच फुकट घालवत होतो.
मगरिबच्या नमाजानंतर इमामसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, जेवढं धुता येतं ते धुवा, पट्टीवर ओला हात फिरवा, सोबत तयम्मुम, म्हणजे कोरड्या मातीची वजू, करा. आणि पट्टी बांधायला बसाल तेव्हा वजूत असा. "इतनी सी बात के लिए पाँव ख़राब कर रहे थे?"

११ डिसेंबर
सगळ्यांना खरं सांगायचंच म्हणून अनघा मॅडमला व्हॉट्सॲपवर लिहिलं की टाचा उचलत नव्हतो, भीती वाटते. तिचा व्हॉइस मेसेज. "काका, पट्टी घट्ट असताना टाच उचलली की पोटरी पट्टीवर दाबते आणि रक्त वर जातं. जखम फाटत नाही. आज फक्त पाच करा. दुखलं तर मला शिव्या द्या."
पाच केल्या. दुखलं नाही. शिव्या शिल्लक.

१३ डिसें., शुक्रवार
टा. उ. १०, १०, १०. पट्टी तिसऱ्या दिवशीही घट्ट. संध्याकाळी पाय जड नाही. दोनदा हात लावून बघितला, पाय माझाच आहे ना.

१६ डिसेंबर
नॅशनल डेची सुट्टी. दाऊदला घेऊन समुद्राकाठी कॉर्निशवर चाललो, मोजून चाळीस मिनिटं. गाड्यांवर लाल-पांढरे झेंडे, पोरं खिडकीतून अर्धी बाहेर. दाऊद दर पाच मिनिटांनी म्हणे, बसूया का? शेवटी तोच बसला. मी बाकाला धरून टाचा उचलत उभा. एक पाकिस्तानी गृहस्थ चालता चालता थांबले, भाईजान, तबियत ठीक है? म्हटलं, आज ठीक है.

१८ डिसेंबर
काल हॉस्पिटल बंद, म्हणून आज. सात सूत. आधीच्या आठवड्यापेक्षा अर्धा सूत कमी. सि. लि. प्लॅस्टिकच्या कागदावर पेनाने जखमेचा आकार काढून ठेवते. मी माझा आकडा सांगितला, तिने सेंटिमीटर काढले, जुळलं. "मास्टर, नौकरी यहाँ कर लो."

२४ डिसेंबर
सहा सूत. तळ पिवळा होता तो लाल झाला. लाल म्हणजे चांगलं, आतून भरून येतंय. नवीन पट्टी बांधायच्या आधी बाथरूममध्ये वजू करून बसतो, सि. लि. मुद्दाम विचारते, "रेडी?"
दुकानात खडूने आखता आखता टाचा उचलतो आता. हात वर, टाच खाली, असा ताल बसला. रिफाहून एक जुनं गिऱ्हाईक येतं, तीन मुलगे, चौघांचे थोब एकाच कापडाचे. म्हातारा बघत बसला. "मास्टर, रक़्स?" म्हणजे नाचतोयस का. म्हटलं, हां बाबा, डॉक्टर बोला रक़्स. मग तोही काउंटरला धरून उठला आणि चार टाचा उचलल्या. मुलं कपाळाला हात लावून उभी.

७ जानेवारी
चार सूत रुंद. लांबी पाऊण इंच.
अनघा मॅडमने पुन्हा ते बटण लावलं. ऊब दिली. रेघ निघाली ती चढतच गेली, मी स्क्रीनला हात लावणार होतो. म्हटलं, मॅडम, दुसऱ्याचा पाय तर नाही? म्हणाली, "तुमचाच. तीन आठवडे चाललात ना, बारीक नळ्या जाग्या झाल्या."
तेव्हा मी विचारायला नको होतं ते विचारलं. माझे वडील बारा वर्षं पाय स्टुलावर ठेवून बसले. आम्ही त्यांना हलू दिलं नाही. ते चुकलं का?
तिने स्क्रीन बंद केला. म्हणाली, "पाय वर ठेवणं चूक नाही, काका. नुसतंच बसवून ठेवणं चूक. पण तेव्हा सगळे तेच सांगायचे. आजही सांगतात." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पडदा ओढून घेतला आणि बाहेर उभी राहिली.

१० जाने., शुक्रवार
अब्बा उठायला बघायचे. हे विसरलो होतो. विहिरीपर्यंत जाऊन येतो म्हणायचे. आम्ही सगळे धावायचो, बसा, बसा, जखम चिघळेल. मी सुट्टीवर असलो की मीच सगळ्यात मोठ्याने. साबिरा कोपराला धरून हळूच बसवायची. नंतर त्यांनी उठायचं सोडलं. आम्हाला वाटलं, समजूतदार झाले.
प्रेमाने केलं, एवढंच म्हणता येईल. आज त्यांच्या नावाने कॉर्निशवर तासभर चाललो.

२८ जानेवारी
मार खाल्ला. रमजानच्या आधीची गर्दी सुरू झाली, सगळ्यांना ईदच्या थोबांची मापं आत्ताच देऊन ठेवायची. रवि., सोम. दोन्ही दिवस नऊ नऊ तास उभा, टा. उ. एकही नाही, चालणं नाही. पट्टी भिजली. आज तीन सुतांची पुन्हा चार. सि. लि. पहिल्यांदा खरी रागावली. अबू खालिदसाठी चिठ्ठी लिहून दिली, दर तासाला दहा मिनिटं चालायला सोडा.
चिठ्ठी त्याच्या हातात द्यायला धीर होईना. काउंटरवर ठेवली आणि आत गेलो. वाचून बाहेरून ओरडला, "यल्ला हनीफ, शारा के आख़िर तक, रूह!" रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो. तो दारात घड्याळ बघत उभा होता.

११ फेब्रुवारी
दोन सूत बाय एक. मसुरीची डाळ. आता टेप लावायला लाज वाटते, एवढ्याशासाठी.
टा. उ. ३०, ३०, ३०. डाव्या पायाच्याही करतो. डाव्याच्या आतल्या बाजूला थोडी काळपट झाक आहेच, मॅडमने दाखवली. त्यालाही आता कामाला लावला.

१६ फेब्रुवारी
अबू खालिद दुपारी आला. खाली वाकला, सत्तरीचा माणूस, आणि माझा पायजमा स्वतः वर केला. पट्टी बघितली. कोरडी. बोटाने पोटरी दाबून बघितली, बकऱ्याची दाबतात तशी. "ज़ैन." म्हणजे छान. मग, "पासपोर्ट लाओ. दो साल."
मी शुक्रिया म्हटलं आणि पाठ फिरवून कापड पसरत बसलो, उगाच. दोन वर्षं. दुकानातून घरी आलो तो पूर्ण रस्ता चालत, लांबच्या वाटेने.

१८ फेब्रुवारी
आज टेप काढलाच नाही. मोजायला काही नाही. गुलाबी, पातळ, चकचकीत कातडी. सि. लि.ने दोनदा पुसून बघितलं. "दो हफ़्ते ऐसा रहा, तब बोलूँगी बंद हुआ." पुन्हा फुटू शकते, हेही सांगितलं. झडपा काही नव्या बसणार नाहीत. ताणाचे मोजे जन्मभर, टाचा जन्मभर.
जन्मभर म्हटल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मोज्यांसाठी तिने माप घेतलं, घोटा, पोटरी, गुडघ्याखाली. टेप तिरका धरत होती, मी सरळ करून दिला.

२१ फेब्रु., शुक्रवार
आज साबिराला सांगायचं ठरवलंच होतं. जुम्म्याहून आल्यावर व्हिडिओ लावला. तिकडे साडेचार झालेले, ती मागच्या दारी. विसा झाल्याचं सांगितलं. मग मोबाइल खाली नेला आणि पाय दाखवला. सगळं सांगितलं, वास, पट्टी, खडू, सिस्टर.
वाटलं होतं रडेल, नाही तर चिडेल. ती मोबाइल डोळ्यांजवळ धरून बघत राहिली. मग, "अब्बांचा असाच व्हता. काला."
म्हटलं, आता बरा आहे. चालून बरा झाला. तेव्हा अब्बांना आपण बसवून ठेवलं ते...
"चालून?"
चालून. पट्टी आणि चालून.
तिने मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवला. लांब गेली, मॅक्सी थोडी वर धरली. डावा पाय. आतल्या घोट्याच्या वर तळहाताएवढा काळा डाग, मधे खाजवून खाजवून लाल. फुटलेला नाही. अजून नाही.
मी विचारलं, "कधीपासून?"
"दोन वर्सां झाली."
"बोलली का नाहीस?"
"तुमी तरी बोललाव काय?" मग इकडेतिकडे बघत, जरा हळू. "बोलून काय, बसवलां असतांव मला अब्बांसारखां. मग घरात कोन करनार?"
बारा वर्षं तिने बसवलेला माणूस बघितला होता. मी घाबरलो ते अब्बांसारखं होईल म्हणून, आणि ती घाबरली ते आम्ही तिला अब्बांसारखं करू म्हणून. एकाच घरातली दोन माणसं, एकमेकांपासून पाय लपवत.
म्हटलं, कुणी बसवणार नाही. उभी राहा. खिडकीचा गज धर. तपासून घेतल्याशिवाय पट्टीबिट्टी बांधायची नाही, पण हे आत्ता कर. टाचा उचल.
"आता? अस्रच्या नमाजाची येल झाली."
आधी दहा.
मी इकडे पलंगाचा दांडा धरला. एक, दोन. ती साताला हसायला लागली, शेजारीण कुंपणावरून बघत होती म्हणून. दहा झाल्या. खाली वाकून पोटरीला हात लावला तिने. "गरम लागता हो."
म्हटलं, लागणारच.
सोमवारी दापोलीला डॉक्टरकडे जाते म्हणाली. जाते असं ती म्हणतेच, मग कुणाचं काही निघतं आणि राहून जातं. मी सोमवारी दुपारी फोन करणार आहे, आणि आधी पाय दाखव म्हणणार आहे.